घरभाड्याच्या यादीवरून ठरतो माजी सैनिकांच्या शस्त्रक्रियेचा दर

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेबद्दल, म्हणजे ईसीएचएसबद्दल, छापून येणारी बातमी बहुधा एकाच वळणाची असते. अमक्या रुग्णालयाने कार्ड नाकारले, तमक्या कुटुंबाला आधी पैसे भरायला लावले. बातमी खरी असते, पण तिथेच थांबते. रुग्णालय कार्ड का नाकारते आणि हे पुण्यापेक्षा सातारा-कराडकडे जास्त का घडते, हे बिलातल्या आकड्यांत शिरल्याशिवाय कळत नाही. ते आकडे कसे तयार होतात ते इथे सविस्तर मांडतो आहोत, कारण त्यांच्या मुळाशी एक चूक आहे आणि ती सुधारता येण्यासारखी आहे.

आधी योजनेबद्दल थोडक्यात. ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. ती फुकट नाही. निवृत्त होताना शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० रुपये आणि अधिकारी १,२०,००० रुपये एकरकमी भरतात. वॉर्डही त्याच क्रमाने ठरतो: जनरल, सेमी-प्रायव्हेट, प्रायव्हेट. आजारी माणूस आधी पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे ईसीएचएसच्या स्वतःच्या दवाखान्यात, जातो. तिथे किंवा लष्करी रुग्णालयात सोय नसेल तर रेफरल मिळते आणि मग तो पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार केलेल्या, खासगी रुग्णालयात दाखल होतो. रुग्णालय त्याच्याकडून पैसे घेत नाही. ते बिल आणि कागदपत्रे यूटीआय-आयटीएसएल या बिले तपासणाऱ्या कंपनीच्या पोर्टलवर चढवते, तिथे छाननी होते, रीजनल सेंटर म्हणजे ईसीएचएसचे विभागीय कार्यालय मंजुरी देते आणि पैसे रुग्णालयाच्या खात्यात येतात. दर ठरवतो कोण? ईसीएचएसची स्वतःची दरसूची नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेचे दर इथेही चालतात.

हे सीजीएचएसचे दर २०१४ मध्ये ठरले. एप्रिल २०२३ मध्ये तपासणी फी, खोलीभाडे आणि आयसीयूचा दर वाढला, पण बहुतेक शस्त्रक्रियांची पॅकेजे, म्हणजे सगळा खर्च धरून ठरलेल्या एकत्रित रकमा, जुन्याच भावाने चालली होती. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सुमारे २,००० उपचारांचे नवे दर जाहीर केले आणि ते १३ ऑक्टोबरपासून अमलात आणले. अकरा वर्षांनी दर वाढले ही चांगलीच गोष्ट झाली आणि त्यामागच्या लोकांना त्याचे श्रेय द्यायला हवे. पण वाढीबरोबर दराची रचनाही बदलली. पूर्वी सीजीएचएस असलेल्या प्रत्येक शहराची वेगळी दरसूची असे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर ही अशी शहरे. बाकीच्या गावांतल्या ईसीएचएस बिलांना जवळच्या सीजीएचएस शहराचा दर लागायचा. म्हणजे साताऱ्यातल्या रुग्णालयाला पुण्याचा दर मिळत असे. आता तसे नाही. देशभर एकच मूळ दर आहे आणि रुग्णालय कोणत्या वर्गाच्या शहरात आहे यावरून त्यातून वजावट होते.

ही वजावट नीट समजून घ्यायला हवी, कारण बिल हातात पडल्यावर कुटुंबाला ती दिसतच नाही. लोकसंख्येप्रमाणे शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग आहेत. मूळ दर धरला आहे एक्स वर्गाच्या शहरातल्या, एनएबीएच हे दर्जाचे राष्ट्रीय मानांकन असलेल्या रुग्णालयातल्या सेमी-प्रायव्हेट वॉर्डाचा. शहर वाय वर्गाचे असेल तर १० टक्के कमी, झेड वर्गाचे असेल तर २० टक्के कमी. रुग्णालयाला एनएबीएच नसेल तर आणखी १५ टक्के कमी. सुपर स्पेशालिटी वर्गवारीत बसणाऱ्या रुग्णालयाला उलट १५ टक्के जास्त. जनरल वॉर्डाला ५ टक्के कमी, प्रायव्हेटला ५ टक्के जास्त.

हिशेबाला सोपे जावे म्हणून मूळ दर १,००,००० रुपये धरू. एका निवृत्त हवालदाराची शस्त्रक्रिया आहे, वॉर्ड जनरल. पुणे एक्स वर्गात आहे, तिथल्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात झाली तर रुग्णालयाला १,०९,२५० रुपये मिळतील. पुण्यातल्याच साध्या एनएबीएच रुग्णालयात ९५,०००. कोल्हापूर वाय वर्गात आहे, तिथे एनएबीएच असलेल्या रुग्णालयाला ८५,५००. सातारा झेड वर्गात आहे, तिथे एनएबीएच नसलेले तीस खाटांचे रुग्णालय असेल तर १,००,००० चे आधी ८०,००० झाले, त्यावर १५ टक्के गेले म्हणजे ६८,००० उरले आणि वॉर्डाचे ५ टक्के जाऊन हातात आले ६४,६००. शस्त्रक्रिया तीच, वॉर्ड तोच, सर्जनची पदवीही तीच असू शकते. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयाच्या तुलनेत इथला दर ५९ टक्के पडतो.

आता हे एक्स, वाय, झेड आले कुठून ते पाहा. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ साली, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता ठरवण्यासाठी ही वर्गवारी आली. लोकसंख्या ५० लाखांच्या वर असेल तर एक्स, ५ ते ५० लाख असेल तर वाय, त्याखाली सगळे झेड. ज्या गावात घरभाडे जास्त, तिथे भत्ता जास्त, इतकाच तिचा उद्देश होता आणि त्या कामाला ती ठीकच आहे. पण ऑपरेशन थिएटर चालवायला किती खर्च येतो हे घरभाड्याच्या यादीवरून कसे ठरवणार?

शिवाय यादी २०११च्या जनगणनेवर उभी आहे. नांदेडची लोकसंख्या त्या वेळी साडेपाच लाख होती, म्हणून ते वाय. जळगावची ४.६ लाख, म्हणून झेड. लाखाच्या आत-बाहेरच्या फरकाने शस्त्रक्रियेचा दर १० टक्क्यांनी बदलतो. पुढची जनगणना २०२७ची आहे. तिचे आकडे येऊन वर्गवारी बदलेपर्यंत हाच हिशेब चालू राहणार. आणि सीमेवर तर पायरी नसून थेट कडाच आहे. पुणे नागरी समूहाची हद्द ओलांडली की महामार्गाला लागून असलेले गावही एक्समधून सरळ झेडमध्ये जाते, मध्ये वाय येतच नाही. अशा गावातल्या रुग्णालयात परिचारिका पुण्याहून ये-जा करतात, औषधे पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून येतात, सर्जन आठवड्यातून दोन दिवस पुण्याहून येतो. खर्च पुण्याचा आणि दर २० टक्के कमी.

छोट्या गावात रुग्णालय चालवणे स्वस्त असते हे अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे आम्ही नाकारत नाही. जागा स्वस्त असते. वॉर्डबॉय, सफाई कामगार, स्वागत कक्षातला कर्मचारी यांचे पगार कमी असतात. जेवणाचा खर्चही कमी. पण पॅकेजमध्ये याखेरीज काय काय येते? नोंदणी, खोली, रुग्णाचा आहार, शस्त्रक्रियेची फी, भूल, थिएटर, इंजेक्शने, ड्रेसिंग, रक्त चढवणे, डिस्पोजेबल साहित्य, संबंधित तपासण्या, फिजिओथेरपी, डॉक्टरांच्या फेऱ्या, सगळे एका रकमेत. दिवसही ठरलेले: सुपर स्पेशालिटी शस्त्रक्रियेला १२, इतर मोठ्या शस्त्रक्रियेला ७, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला ३, किरकोळीला १. इम्प्लांटचे, म्हणजे शरीरात बसवायच्या कृत्रिम भागाचे, पैसे वेगळे मिळतात, तेही ठरलेल्या कमाल मर्यादेत.

पित्ताशयाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया घ्या. टायटॅनियमच्या क्लिपा, ट्रोकार, टाक्यांचे धागे, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, भुलेची औषधे, सलाइनचे सेट. यातल्या एकाही वस्तूचा भाव गावाच्या लोकसंख्येवर ठरत नाही. कंपनीचा माल पुण्यात ज्या भावाने मिळतो त्याच भावाने कराडला मिळतो, खरे तर थोडा जास्तच पडतो, कारण छोट्या रुग्णालयाची मागणी कमी असल्याने घाऊक सवलत मिळत नाही. भूलतज्ज्ञ पूर्णवेळ परवडत नाही, म्हणून तो प्रत्येक केसला बोलावला जातो आणि प्रवासासह फी घेतो. दुर्बिणीचा कॅमेरा बिघडला की सर्व्हिस इंजिनिअर पुण्या-मुंबईहून येतो. प्रयोगशाळेतल्या रिएजंटचा, म्हणजे तपासणीच्या रसायनांचा, किट उघडला की ठराविक दिवसांत वापरावा लागतो, आणि रोज चार नमुने येणाऱ्या ठिकाणी त्यातला मोठा भाग फेकला जातो. वीज जाते म्हणून जनरेटर आणि डिझेल. हे सगळे धरले तर छोट्या गावात कमी पडणारा खर्च पॅकेजच्या एका भागापुरताच आहे. वजावट मात्र संपूर्ण पॅकेजवर होते.

एनएबीएचची १५ टक्के वजावट त्याच जखमेवर दुसरा घाव आहे. मानांकन हवेच, रुग्णाच्या सुरक्षेसाठी ते मोलाचे आहे. पण त्यासाठी लागणारी नोंदवही-व्यवस्था, संसर्ग नियंत्रणाची परिचारिका, अग्निसुरक्षेचे बदल, प्रशिक्षणे हा सारा खर्च तीस खाटांवर पसरवायचा की तीनशे खाटांवर, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून मानांकन नसलेली रुग्णालये बहुतांशी छोट्याच गावात सापडतात. म्हणजे गाव छोटे म्हणून २० टक्के कापले, आणि गाव छोटे असल्यामुळे जे जमत नाही त्याबद्दल पुन्हा १५.

यात भर पडते बिलाच्या कामाची. पोर्टलवर रेफरल, दाखल होतानाची माहिती, ऑपरेशन नोट्स, इम्प्लांटचा स्टिकर आणि त्याचे इनव्हॉइस, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज समरी, रुग्णाच्या सहीचे अंतिम बिल असे सारे चढवावे लागते. काही राहिले की क्लेम ‘एनएमआय’मध्ये जातो, म्हणजे अधिक माहिती मागवली जाते, आणि मुदतीत उत्तर गेले नाही तर रक्कम कापली जाते. स्टिकरवरचा क्रमांक आणि इनव्हॉइसवरचा क्रमांक जुळला नाही एवढ्यावरून इम्प्लांटचे सगळे पैसे अडकतात. मोठ्या रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग असतो. छोट्या ठिकाणी हिशेबनीस, मेडिकलवाला आणि डॉक्टरांचे घरचे कोणी तरी मिळून हे काम रात्री करतात. एका क्लेमला लागणारे कष्ट दोन्हीकडे सारखेच, पण मिळणारी रक्कम वेगळी.

मग छोटे रुग्णालय काय करते? ते योजनेतून बाहेर पडल्याचे जाहीर करत नाही. ते करार चालू ठेवते, पण फक्त डोळ्यांसाठी किंवा दातांसाठी, बाकीच्या विभागांचे नूतनीकरण करत नाही. किंवा डायलिसिस घेते आणि हाडांची शस्त्रक्रिया घेत नाही. किंवा कार्ड पाहिल्यावर ‘आज बेड नाही’ असे उत्तर मिळते. पॅनेलच्या यादीत गावाचे नाव दिसते, म्हणून वरच्या कार्यालयाला सोय आहे असे वाटते. रुग्णाला जी शस्त्रक्रिया हवी ती तिथे होत नाही, हे यादीत दिसत नाही.

आणि शेवटी रुग्ण पुण्याला जातो. सैनिक टाकळीचा किंवा आपशिंगे मिलिटरीचा म्हातारा माणूस, ज्याच्या गावाच्या नावातच फौज आहे, तो रेफरल घेऊन पुण्याच्या रुग्णालयात दाखल होतो. बरोबर मुलगा किंवा सून, त्यांची राहण्या-खाण्याची सोय त्यांनीच करायची. टाके काढायला पुन्हा एक फेरी, तपासणीला आणखी एक. पॅकेजमध्ये यातले काही येत नाही. पण सरकारचे तरी पैसे वाचले का? साताऱ्यात ६४,६०० देऊन जे झाले असते, त्यासाठी पुण्यात १,०९,२५० दिले गेले. साताऱ्यातल्या रुग्णालयाला पूर्ण एक्स दर दिला असता, तरी मानांकनाची वजावट धरून ८०,७५० च झाले असते. म्हणजे २० टक्क्यांची बचत कागदावर दिसते आणि प्रत्यक्षात प्रत्येक स्थलांतरित केसमागे जास्त रक्कम जाते. दर ठरवताना हा हिशेब कुणी तरी समोर ठेवायला हवा होता.

ठिकाणाप्रमाणे दर बदलणे ही कल्पनाच चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. अमेरिकेत माजी सैनिकांना सरकारी रुग्णालयाबाहेर, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘कम्युनिटी केअर’मध्ये पाठवले जाते, तेव्हाही दर ठिकाणावर ठरतात. तिथे २०१८ साली मिशन कायदा झाला आणि ६ जून २०१९ पासून सध्याचा कार्यक्रम सुरू झाला. खासगी डॉक्टराला शक्यतो मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या, दराइतकेच पैसे मिळतात, आणि मेडिकेअरचा दर सुमारे ११० भौगोलिक विभागांत वेगवेगळा असतो. उपचार प्रत्यक्ष जिथे झाला त्या जागेचा पिनकोड धरतात, बिल पाठवणाऱ्या कार्यालयाचा नाही. इथपर्यंत आपल्यासारखेच वाटते. फरक आतल्या रचनेत आहे.

मेडिकेअर डॉक्टरांचा दर तीन तुकड्यांत मांडते: डॉक्टरचे काम, दवाखाना चालवण्याचा खर्च आणि वैद्यकीय दाव्यांचा विमा. प्रत्येक तुकड्याला त्या विभागाचा वेगळा निर्देशांक लागतो. डॉक्टरच्या कामात गावागावांतला जो फरक दिसतो त्याचा फक्त एक चतुर्थांश भाग धरायचा, असे कायद्यातच लिहिले आहे. दवाखान्याच्या खर्चात भाडे आणि कर्मचाऱ्यांचे पगार ठिकाणाप्रमाणे बदलतात, पण उपकरणे आणि साहित्य यांचा निर्देशांक देशभर १ च धरला जातो, कारण त्यांची बाजारपेठ देशभराची एकच आहे. क्लिपा आणि सिलिंडरबद्दल वर जे लिहिले, ते त्यांनी सूत्रातच घालून ठेवले आहे. निर्देशांकांचा फेरआढावा किमान दर तीन वर्षांनी घ्यावा लागतो. आपल्याकडे अकरा वर्षे लागली.

शिवाय खालची मर्यादा आहे. डॉक्टरच्या कामाचा निर्देशांक १ च्या खाली जाऊ नये अशी तरतूद तिथे २००४ पासून वेळोवेळी वाढवत आणली आहे. अलास्कासाठी तो कायमचा १.५ आहे. मोंटाना, वायोमिंग, नेव्हाडा, नॉर्थ डकोटा आणि साउथ डकोटा या विरळ वस्तीच्या पाच राज्यांत दवाखान्याच्या खर्चाचा निर्देशांकही १ च्या खाली उतरत नाही. २५ खाटांपर्यंतच्या आणि दुसऱ्या रुग्णालयापासून साधारण ३५ मैलांवर असलेल्या ग्रामीण रुग्णालयांना मेडिकेअर ठरीव दराऐवजी वाजवी खर्चाच्या १०१ टक्के देते. माजी सैनिकांच्या कायद्यात तर आणखी एक वाट मोकळी ठेवली आहे: चौरस मैलाला सातपेक्षा कमी माणसे राहतात अशा काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) मेडिकेअरपेक्षा जास्त दर देता येतो. तिथली पद्धत निर्दोष नाही. ती १ ची मर्यादा तात्पुरती असल्याने तिथल्या संसदेला तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागते आणि प्रत्येक वेळी ग्रामीण डॉक्टरांचा जीव टांगणीला लागतो. पण दूरच्या गावात सेवा टिकवायची तर तिथे दराला आधार द्यावा लागतो, एवढे तिथे मान्य झालेले आहे.

त्यांचा निकष जसाच्या तसा उचलून चालणार नाही. आपल्याकडे गडचिरोलीतसुद्धा २०११च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला ७४ माणसे होती. आपला निकष वस्तीच्या विरळपणाचा नको, प्रवासाच्या वेळेचा हवा. तोही अमेरिकेत आहे: विशेषज्ञ उपचारासाठी सरासरी ६० मिनिटांपेक्षा जास्त गाडीप्रवास लागत असेल, तर माजी सैनिकाला बाहेर उपचार घेता येतात. आपल्या दररचनेतही लोकसंख्येखेरीज काही पाहिले गेले आहेच. ईशान्येकडची राज्ये, जम्मू-काश्मीर आणि लडाख यांना गाव लहान असले तरी वाय वर्गाचा दर दिला आहे. भूगोल अवघड म्हणून तिथे सूट मिळू शकते, तर गडचिरोली, नंदुरबार, सिंधुदुर्गाचा विचारही त्याच न्यायाने व्हावा.

आमच्या मागण्या अशा. पॅकेजचे दोन भाग करावेत. जागा, आहार, साधा कर्मचारीवर्ग हा स्थानिक भाग, आणि औषधे, डिस्पोजेबल, यंत्रे, तज्ज्ञांची फी हा सर्वत्र सारखा भाग. शहराच्या वर्गाची वजावट फक्त पहिल्या भागावर लावावी. दोन्ही भाग निम्मे-निम्मे निघाले, तर १,००,००० च्या पॅकेजवर झेड गावाची वजावट २०,००० ऐवजी १०,००० होईल. नेमके प्रमाण प्रत्येक उपचाराचे वेगळे निघेल, मोतीबिंदूचे वेगळे आणि सांध्याचे वेगळे, आणि ते काढण्यासाठी लागणारा खर्चाचा तपशील सरकारी व लष्करी रुग्णालयांकडे आहे. दुसरे, झेड गावात ५० खाटांपर्यंतच्या रुग्णालयाने एनएबीएचच्या लहान रुग्णालयांसाठीच्या मानांकनाला अर्ज केला असेल, तर पहिली तीन वर्षे १५ टक्के वजावट लावू नये. तीन वर्षांत मानांकन आले नाही तर खुशाल लावावी. तिसरे, एखाद्या विशेष शाखेचे पॅनेलवरचे रुग्णालय तासाभराच्या अंतरात नसेल, तर त्या शाखेपुरता एक्स दर द्यावा. सगळ्या जिल्ह्याला नको, त्या शाखेपुरताच, म्हणजे बोजा मर्यादित राहील. आणि दरांचा आढावा तीन वर्षांनी घेण्याचे बंधन आदेशातच लिहावे.

हे होईपर्यंत कुटुंबांनी काय पाहावे, तेही सांगायला हवे. रेफरल घेतानाच पॉलिक्लिनिकमध्ये विचारा की या रुग्णालयाचा करार माझ्या आजाराच्या विभागासाठी चालू आहे का. नुसते ‘पॅनेलवर आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. दाखल करताना कार्डावरचा वॉर्ड आणि रुग्णालयाने नोंदवलेला वॉर्ड एकच आहे ना ते पाहा. आपण होऊन वरचा वॉर्ड घेतला तर फरक स्वतःला भरावा लागतो, आणि तो नुसत्या खोलीभाड्याचा नसतो. डिस्चार्जच्या वेळी अंतिम बिल वाचूनच सही करा, कोऱ्या कागदावर करू नका, आणि एक प्रत मागून घ्या. पॅकेजमध्ये येणाऱ्या वस्तूंसाठी वेगळे पैसे मागितले तर लेखी पावती मागा. पावती मागितल्यावर बऱ्याचदा मागणीच मागे घेतली जाते. दिलेच असतील तर पावतीसह पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे तक्रार द्या आणि तिची प्रत रीजनल सेंटरला पाठवा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूरला रीजनल सेंटर आहेत.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात तातडीने दाखल व्हावे लागल्यावर. हृदयविकाराचा झटका आला, जवळचे रुग्णालय पॅनेलवर नाही, तरी जीव वाचवण्यासाठी तिथे जायचेच. त्यात नियमाचा भंग नाही. पण ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवले पाहिजे, आणि कळवल्याचा पुरावा हवा. फोन केला असेल तर पाठोपाठ ई-मेल किंवा हातपोच पत्र द्या, पत्राच्या प्रतीवर शिक्का आणि वेळ घ्या. रुग्णालयाकडून तातडीचे प्रमाणपत्र घ्या, त्यात ‘इमर्जन्सी’ हा शब्द आणि दाखल होतानाची अवस्था, रक्तदाब, ईसीजी यांचा उल्लेख असू द्या. नुसते ‘छातीत दुखत होते’ एवढेच लिहिले तर क्लेम अडतो. परतावा मिळतो तो प्रत्यक्ष खर्च आणि मंजूर दर यांतल्या कमी रकमेइतका. बिल १,२०,००० झाले आणि पॅकेज आपल्या उदाहरणातले असेल, तर झेड गावात ६४,६०० मिळतील आणि ५५,४०० कुटुंबाच्या खिशातून जातील. पुण्यातल्या तशाच रुग्णालयात तेवढेच बिल झाले असते तर ८०,७५० मिळाले असते. शहराच्या वर्गाची वजावट रुग्णालयाच्या माथी आहे असे वाटते, पण या प्रसंगात ती थेट हवालदाराच्या पेन्शनवर येऊन पडते.

शेवटची विनंती पॉलिक्लिनिकांना, आणि तिला दिल्लीच्या मंजुरीची गरज नाही. दर्शनी फलकावर पॅनेलच्या रुग्णालयांची यादी असते. तिच्यात प्रत्येक नावापुढे चार रकाने वाढवावेत: शहराचा वर्ग, एनएबीएच आहे की नाही, करार कोणकोणत्या विभागांसाठी चालू आहे आणि तो कोणत्या तारखेला संपतो. हे सगळे कार्यालयाच्या फाइलमध्ये आहेच, फक्त फलकावर यायचे आहे.

आपले नम्र,
माजी सैनिकांच्या वैद्यकीय बिलांचे काम पाहणारे वाचक,
सातारा